ताकेदा घराणं नागाशिनोला संपलं नाही

प्रश्न असा आहे: ताकेदा शिंगेनसारखा सरदार होऊन गेला आणि त्याच्यामागे अवघ्या नऊ वर्षांत घराणं बुडालं, हे कसं? मुलगा कात्सुयोरी नालायक निघाला, त्यानं नागाशिनोच्या लढाईत बापाचं नावाजलेलं घोडदळ बंदुकांच्या तोंडी दिलं आणि सगळं संपलं, असं सगळीकडे वाचायला मिळतं. ते खरं आहे का?

जपानचा युद्धकाळ, म्हणजे साधारण 1467 ते 1600 पर्यंतचा इतिहास, मी बरीच वर्षं शिकवते आहे. दर वर्गात हा प्रश्न येतो आणि दर वेळी मी आधी तारखा फळ्यावर लिहिते. शिंगेन वारला 1573 मध्ये. नागाशिनो 1575 मध्ये. घराण्याचा अंत 1582 मध्ये. म्हणजे ज्या लढाईत सगळं संपलं असं आपण म्हणतो, तिच्यानंतर हे घराणं सात वर्षं टिकून होतं. नुसतं तग धरून नव्हतं. 1580 च्या सुमारास कोझुके प्रांतात, म्हणजे आजच्या गुन्मा भागात, कात्सुयोरीनं बापाला न मिळालेला मुलूख मिळवला होता. आणि मग 1582 च्या पहिल्या महिन्यात एक सरदार फुटला आणि दीड महिन्यात घराणं नाहीसं झालं. (महिने आणि तिथी इथे जुन्या जपानी चांद्र पंचांगाप्रमाणे देते आहे.)

सात वर्षं उभं राहणारं घर दीड महिन्यात का कोसळतं, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर बंदुकांत सापडत नाही. ते शोधायला शिंगेनच्या वैभवाच्या काळात जावं लागतं, कारण पडझडीची कारणं त्याच काळात तयार झाली.

सुरुवात जमिनीपासून करू. ताकेदांचा मूळ प्रांत काई, आजचा यामानाशी. मधोमध कोफूचं खोरं, चहूबाजूंनी डोंगर, दक्षिणेला फुजी. समुद्र कुठेच नाही, म्हणजे मीठसुद्धा शेजाऱ्याच्या मर्जीवर. 1598 च्या पाहणीत काईचं उत्पन्न सुमारे 2 लाख 27 हजार कोकु भरलं. एक कोकु म्हणजे ढोबळमानानं एका माणसाला वर्षभर पुरणारा तांदूळ. पुढे ताकेदांना बुडवणाऱ्या ओदा नोबुनागाचा ओवारी प्रांत आकारानं लहान, पण त्याच पाहणीत त्याचं उत्पन्न 5 लाख 71 हजार. हे दोन आकडे शेजारी ठेवले की शिंगेन आयुष्यभर बाहेरच्या मुलखावर का तुटून पडत राहिला ते कळतं. काईत बसून मोठं सैन्य पोसणं शक्यच नव्हतं.

घराणं जुनं होतं. मिनामोतो कुळातली ही शाखा बाराव्या शतकापासून काईत होती आणि पुढे शोगुनच्या, म्हणजे देशाच्या लष्करी सत्ताधीशाच्या, वतीनं प्रांताचा अधिकारी म्हणून नेमली गेली. पण अधिकार कागदावर. प्रांतात जागोजागी पिढीजात वतनदार बसलेले. त्यांची स्वतःची गढी, स्वतःची माणसं, स्वतःचा महसूल. त्यांना वठणीवर आणलं शिंगेनच्या बापानं, नोबुतोरानं. 1519 मध्ये त्यानं कोफूला त्सुत्सुजिगासाकीचा वाडा बांधला आणि वतनदारांना तिथे राहायला बोलावलं. काई एक झाला तो त्याच्या हातून, शिंगेनच्या नव्हे.

आणि 1541 मध्ये त्याच नोबुतोराला मुलानं बाहेर काढलं. नोबुतोरा जावयाला, सुरुगाच्या इमागावा योशिमोतोला भेटायला गेला असताना मागे सरहद्द बंद झाली. रक्त सांडलं नाही. आदल्या वर्षी वादळं, त्या वर्षी दुष्काळ, त्यात सततच्या मोहिमा. लोक कंटाळले होते. त्या काळच्या देवळांतल्या नोंदींत लिहिलंय की या बातमीनं लोकांना आनंद झाला. पण हे बंड एकट्या मुलाचं नव्हतं. इतागाकी, आमारी यांसारखे जुने सरदार त्याच्या पाठीशी होते. म्हणजे गादीवर कोण बसणार हे सरदारांच्या संमतीनं ठरलं. शिंगेनच्या (तेव्हाचं नाव हारुनोबू) सत्तेचा पाया हा होता, आणि तो हे कधी विसरला नाही.

1547 मध्ये त्यानं काईसाठी कायदा केला. त्यातलं एक कलम फार वेगळं आहे: खुद्द हारुनोबूच्या वागण्यात या कायद्याविरुद्ध काही दिसलं तर लहानथोर कोणीही लेखी तक्रार करावी. लोक हे वाचून त्याला लोकशाहीवादी ठरवतात. मला ते पटत नाही. वतनदारांना दिलेलं हे आश्वासन होतं: तुमच्या बरोबरीनं मीही नियमात राहीन, बापासारखा वागणार नाही.

त्याच्या कारभाराची खरी ओळख करून घ्यायची असेल तर कोफूच्या पश्चिमेला कामानाशी नदीवर जावं. तिथे शिंगेनचा बांध म्हणून ओळखला जाणारा पूरबांध आहे आणि तो आजही कामाचा आहे. मिदाई नदी डोंगरातून वेगानं उतरते आणि कामानाशीला मिळते. दोन्हींना पूर आला की पाणी थेट कोफूच्या खोऱ्यात घुसायचं. 1542 च्या मोठ्या पुरानंतर काम सुरू झालं आणि 1560 च्या सुमारास पुरं झालं, असं मानलं जातं. यातली खुबी अशी की नुसती उंच भिंत घालून पाणी अडवलं नाही. मिदाईचा प्रवाह दगडी टोकं घालून वळवला आणि समोरच्या ताकाइवा नावाच्या कड्यावर नेऊन आपटवला. तिथे त्याचा जोर मोडायचा. खालच्या अंगाला बांध सलग नाही. तुकड्यातुकड्यांनी, एकमेकांवर तिरपा सरकवलेला आहे. पूर चढला की थोडं पाणी मधल्या फटींतून मागच्या बाजूला पसरतं आणि उतरला की त्याच वाटेनं नदीत परत येतं. लाकडी तिकाटणी करून, त्यांना दगडांच्या जाळ्यांचं वजन देऊन पात्रात रोवायची, म्हणजे प्रवाह मंदावतो. बांधाच्या राखणीसाठी जवळच गाव वसवलं, तिथल्या लोकांना करात सूट दिली आणि दुरुस्ती त्यांच्याकडे सोपवली. वीस वर्षं चिकाटीनं एक काम रेटणारा राज्यकर्ता त्या धामधुमीच्या काळात विरळाच. माझ्या मते हा बांध त्याच्या सगळ्या लढायांपेक्षा मोठा आहे.

पैसा सोन्याचा. कुरोकावाच्या डोंगरात खाणी होत्या. काईत सोन्याची नाणी पाडली जात, एका नाण्याची चार, त्यातल्या प्रत्येकाची पुन्हा चार अशा हिशोबानं, आणि तीच मोजणी पुढे शोगुन झालेल्या तोकुगावांनी देशभर लावली. खाणीत काम करणारे लोक वेढ्यांतही कामाला यायचे. 1573 मध्ये नोदाच्या किल्ल्याचं पाणी तोडायला त्यांनीच खाली बोगदे खणले.

पण त्याला संत करू नका. 1547 मध्ये शिनानो प्रांतातला शिका किल्ला घेतला तेव्हा आधीच्या लढाईत कापलेली मुंडकी किल्ल्यासमोर मांडली, आणि किल्ला पडल्यावर आतल्या बायापुरुषांना कैद करून काईत आणलं. एका समकालीन नोंदवहीत लिहिलंय की ज्यांचे नातेवाईक होते त्यांना दोन, तीन, पाच, दहा कान्मोन (एक कान्मोन म्हणजे हजार तांब्याची नाणी) भरून सोडवून नेण्यात आलं. ज्यांचं कोणी नव्हतं त्यांचं काय झालं असेल याचा विचार करा. बांध बांधणारा माणूस आणि ही लूट करणारा माणूस एकच. काईच्या शेतकऱ्याला जे सुख मिळालं त्याची किंमत शिनानोच्या शेतकऱ्यानं मोजली.

शिनानो, आजचं नागानो, घ्यायला त्याला वीस वर्षं लागली. 1542 मध्ये सुवा घेतलं. तिथल्या योरिशिगेला आत्महत्या करायला लावली आणि त्याच्या मुलीला स्वतःकडे आणलं. तिचा मुलगा कात्सुयोरी, जन्म 1546. शिनानोतल्याच मुराकामी योशिकियोकडून शिंगेन दोनदा सपाटून हरला; 1548 मध्ये उएदाहाराला इतागाकी आणि आमारी दोघेही पडले. शेवटी 1553 मध्ये मुराकामी पळून एचिगो प्रांताच्या उएसुगी केनशिनकडे गेला आणि तिथून कावानाकाजिमाच्या पाच लढाया सुरू झाल्या. त्यांवर इतकं लिहिलं गेलंय की मी थांबत नाही. बारा वर्षं आणि 1561 च्या चौथ्या लढाईत पडलेला धाकटा भाऊ नोबुशिगे एवढी किंमत देऊन शिनानोचा बहुतेक भाग हाती राहिला, इतकं पुरे. नोबुशिगे गेला हे नुकसान मात्र फार मोठं. पुढे घरात तेढ झाली तेव्हा मध्ये पडणारा माणूस उरला नव्हता.

इथून प्रकरण वळण घेतं. 1554 मध्ये ताकेदा, इमागावा आणि होजो या तीन घराण्यांनी एकमेकांशी सोयरिकी करून तह केला होता. शिंगेनच्या थोरल्या मुलाची, योशिनोबूची बायको इमागावा योशिमोतोची मुलगी. 1560 मध्ये योशिमोतो ओकेहाझामाला नोबुनागाच्या हातून मारला गेला आणि इमागावांचा सुरुगा प्रांत दुबळा पडला. सुरुगाला समुद्र आहे, बंदरं आहेत. शिंगेनची नजर तिकडे वळली. शिवाय 1565 मध्ये नोबुनागाच्या भाचीला, तिला त्यानं आधी दत्तक घेतलं होतं, कात्सुयोरीची बायको करून आणलं. योशिनोबूच्या सासऱ्याला मारणाऱ्याशीच ही सोयरीक. त्याच वर्षी कटाचा आरोप ठेवून योशिनोबूला तोकोजी देवळात कोंडलं आणि त्याचा पालक, म्हातारा ओबू तोरामासा याला मारलं. 1567 मध्ये योशिनोबू कैदेतच मेला.

त्याच 1567 सालचे कागद आज उएदाजवळच्या इकुशिमा तारुशिमा देवळात जपलेले आहेत. शिंगेननं सगळ्या सरदारांकडून देवासमोर शपथपत्रं लिहून घेतली. त्यांपैकी ऐंशीहून अधिक शिल्लक आहेत. मजकूर जवळपास सारखाच. शिंगेनविरुद्ध कट करणार नाही. उएसुगीसारख्या शत्रूनं कितीही मोठं आमिष दाखवलं तरी त्याला मिळणार नाही. काई, शिनानो आणि पश्चिम कोझुके या तिन्ही मुलखांतलं सगळं सैन्य उलटलं तरी मी एकटा निष्ठेनं राहीन. शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. तिन्ही प्रांतांतलं सैन्य उलटण्याची शक्यता खुद्द मालकाला लिहून घ्यावीशी वाटली. आणि तेव्हा शिंगेन आपल्या ताकदीच्या शिखरावर होता! घराणं आतून कसलं होतं ते या कागदांत दिसतं. ती एका राजाची फौज नव्हती. अनेक वतनदारांचा करार होता. तुम्ही आमची राखण करा, नवा मुलूख मिळवून द्या, आम्ही माणसं घेऊन येऊ.

1568 च्या अखेरीस शिंगेननं तह मोडून सुरुगावर चाल केली. इमागावा बुडाले, पण होजो शत्रू झाले; त्यांच्याशी पुन्हा समेट व्हायला तीन वर्षं गेली. मग 1572 च्या दहाव्या महिन्यात त्यानं नोबुनागाचा मित्र तोकुगावा इएयासूवर स्वारी केली आणि वर्षअखेर मिकातागाहाराला त्याला धूळ चारली. लोक या मोहिमेचं कौतुक करतात. पण ज्या वेळी ही स्वारी निघाली त्या वेळी नोबुनागा त्याचा व्याही होता (शिंगेनची मुलगी मात्सु हिचं नोबुनागाच्या मुलाशी लग्न ठरलेलं होतं) आणि शिंगेन व केनशिन यांच्यात समेट घडवायच्या खटपटीत होता. नोबुनागानं संतापून केनशिनला लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. शिंगेनचं कृत्य पूर्वी कधी ऐकलं नाही असं अधर्माचं आहे, आता पुन्हा कधीच त्याच्याशी मैत्री नाही, असा त्याचा सूर आहे. नोबुनागानं हा शब्द पाळला, पण तो भोगला शिंगेनच्या मुलानं.

1573 च्या चौथ्या महिन्यात परतीच्या वाटेवर शिनानोतल्या कोमाबा इथे शिंगेन आजारानं वारला. आपला मृत्यू तीन वर्षं लपवा, असं सांगून गेला म्हणतात.

आता कात्सुयोरीकडे बघा. वय 28 (वयं जुन्या जपानी मोजणीनं, जन्माचं वर्ष धरून). आईकडून सुवाचा. सुवाच्या घराची गादी चालवायला वाढवलेला, म्हणून त्याच्या नावात ताकेदांचं ठरलेलं ‘नोबू’ नाही, सुवांचं ‘योरी’ आहे. काईच्या जुन्या सरदारांच्या दृष्टीनं तो कालपर्यंत आपल्या बरोबरीचा, ताकातो किल्ल्याचा किल्लेदार. योशिनोबू मेला नसता तर तो कधी गादीवर आलाच नसता. पुढे एदो काळात, म्हणजे तोकुगावांच्या राजवटीत, लष्करी शिकवणीचा ग्रंथ म्हणून गाजलेलं ‘कोयो गुन्कान’ तर म्हणतं की त्याला फक्त मुलगा नोबुकात्सू मोठा होईपर्यंतचा पालक नेमलं होतं. त्याच ग्रंथात राज्य बुडवणाऱ्या सरदारांचे चार प्रकार दिलेत: मूर्ख, अतिशहाणा, भित्रा आणि अतिबलवान. कात्सुयोरीला त्यांनी चौथ्यात घातलंय. म्हणजे त्याला शिव्या देणाऱ्यांनीही नालायक म्हटलेलं नाही, हे लक्षात घ्या. 1574 मध्ये त्यानं ताकातेंजिन घेतला. हा किल्ला खुद्द शिंगेनच्या हाती लागला नव्हता.

नागाशिनोबद्दल थोडक्यात. 1575 च्या पाचव्या महिन्यात कात्सुयोरी इएयासूचा नागाशिनो किल्ला वेढून बसला होता. आत इएयासूचा सरदार ओकुदाइरा याची पाचेकशे माणसं. सुटकेला ओदा-तोकुगावांची फौज आली, आकडे परंपरेनं 38 हजार विरुद्ध 15 हजार असे देतात. त्यांनी शितारागाहारा इथे ओढ्यामागे लाकडी कुंपण घालून ठाण मांडलं. रात्रीतून इएयासूचा सरदार साकाई तादात्सुगू यानं वळसा घालून ताकेदांच्या पिछाडीची तोबिगासुयामाची ठाणी मारली. मागची वाट बंद झाली, पुढे कुंपण. ताकेदांची माणसं सकाळपासून दुपारपर्यंत त्या कुंपणावर आदळत राहिली. घोड्यांची सलग लाट वगैरे चित्र विसरा. त्या काळचे जपानी घोडे लहान चणीचे, आणि ताकेदांच्या प्रत्येक पथकात भालेकरी, तिरंदाज, बंदूकवाले आणि स्वार मिसळलेले असत. तीन रांगांनी आळीपाळीनं गोळ्या झाडल्याची गोष्टही नंतरच्या लेखकाची भर आहे.

ताकेदांकडे बंदुका नव्हत्या असंही नाही. कमी होती ती दारू आणि गोळी. शिसं आणि सोरा यायचा समुद्रमार्गे, आणि साकाई बंदर नोबुनागाच्या मुठीत. नागाशिनोच्या रणात सापडलेल्या गोळ्यांची तपासणी झाली तेव्हा काहींचं शिसं थायलंडच्या खाणीतलं निघालं. डोंगरात कोंडलेल्या ताकेदांना गोळ्यांसाठी हलकी नाणी वितळवायची वेळ यायची. म्हणजे इथेही मूळ अडचण भूगोलाची आणि व्यापाराची.

नुकसान भयंकर झालं हे खरं. यामागाता मासाकागे, बाबा नोबुहारू, नाइतो, हारा, सानादा घरचे दोघे थोरले भाऊ, सगळे त्या एका दिवसात पडले. वतनदारांना बापाच्या काळापासून सांभाळत आलेली ही माणसं होती. कात्सुयोरीनं फौज पुन्हा उभी केली, बंदुका वाढवल्या, पण त्या माणसांची ओळख आणि शब्द कुठून आणणार?

मग 1578. केनशिन अचानक वारला आणि त्याच्या दोन दत्तक मुलांत भाऊबंदकी पेटली: कागेकात्सू आणि कागेतोरा. कागेतोरा जन्मानं होजोंचा, होजो उजिमासाचा भाऊ. कात्सुयोरीनं वर्षभर आधीच उजिमासाच्या बहिणीशी लग्न केलेलं. साहजिकच तो कागेतोराच्या बाजूनं निघाला. पण वाटेत कागेकात्सूनं सोनं आणि कोझुकेतला मुलूख देऊ केला आणि कात्सुयोरीनं समेट केला. बहीण किकु त्याला दिली. कागेतोरा 1579 मध्ये मेला. होजो पेटून उठले आणि इएयासूला जाऊन मिळाले. कात्सुयोरीची एक चूक दाखवायची झाली तर मी ही दाखवते. कोझुकेत मुलूख वाढला, नागाशिनोला पडलेल्या सानादा भावांचा धाकटा भाऊ मासायुकी यानं नुमाता किल्ला मिळवून दिला, नकाशावर सगळं छान दिसत होतं. पण आता पूर्वेला होजो, दक्षिणेला तोकुगावा, पश्चिमेला ओदा. त्यानं नोबुनागाशी तह करायची पराकाष्ठा केली. ओलीस ठेवलेला नोबुनागाचा मुलगाही परत पाठवला. नोबुनागानं मुलगा घेतला, तह केला नाही.

आणि आता ताकातेंजिन. माझ्या लेखी घराण्याचा निकाल इथे लागला. आजच्या काकेगावाजवळचा हा डोंगरी किल्ला इएयासूनं भोवती ठाणी बांधून पार कोंडला. आत किल्लेदार ओकाबे मोतोनोबू, आणि शिबंदीत सुरुगा, शिनानो, कोझुके अशा मुलूखभरच्या घरांतली माणसं. रसद संपली. 1581 च्या सुरुवातीला आतल्यांनी शरण यायची तयारी दाखवली. जवळची आणखी दोन ठाणीही देऊ म्हणाले. इएयासूनं नोबुनागाला विचारलं. नोबुनागाचं उत्तर थंड डोक्याचं होतं. त्याचा आशय असा: शरणागती घेऊ नये हे बरं. कात्सुयोरी सोडवायला आला तर मैदानात गाठून एकदाच निकाल लावू. आला नाही, आणि त्यानं ताकातेंजिनला वाऱ्यावर सोडलं, तर सुरुगातली लहानसहान ठाणीही त्याच्या हाती राहणार नाहीत.

कात्सुयोरी गेला नाही. गेला असता तर मागून होजो आले असते. तिसऱ्या महिन्याच्या 22 तारखेच्या रात्री उपाशी शिबंदी दरवाजे उघडून बाहेर पडली आणि कापली गेली. सहाशेहून अधिक माणसं. बातमी प्रत्येकाच्या गावी पोचली. ज्या करारावर घराणं उभं होतं त्याचं पहिलं कलम होतं राखण करण्याचं. ते मोडलं हे आता सगळ्यांना दिसलं.

त्याच वर्षी निरासाकीला, कामानाशीवरच्या उंच कड्यावर, शिंपू नावाचा नवा किल्ला बांधायला घेतला. राजधानी हलवायचा बेत लष्करी दृष्टीनं बरोबर होता. पण लाकूड, माणसं, पैसा कोण देणार? तेच वतनदार, लढायांनी थकलेले. शिनानोच्या पश्चिम टोकाला किसो योशिमासा होता, शिंगेनचा जावई. 1582 च्या पहिल्या महिन्यात तो नोबुनागाला मिळाला. कात्सुयोरीनं ओलीस असलेली त्याची आई, मुलगा, मुलगी मारली आणि फौज घेऊन सुवापर्यंत आला. तेवढ्यात नोबुनागाचा मुलगा नोबुतादा इनाच्या खोऱ्यात उतरला. पुढचं वाचताना लढाई शोधू नका, कारण ती जवळजवळ नाहीच. एकामागून एक किल्ले उघडे पडले. ओशिमाचा किल्लेदार शिंगेनचा सख्खा भाऊ नोबुकादो, तो न लढता निघून गेला. त्यातच आसामा पर्वताचा उद्रेक झाला. लोकांना तो देवाचा कौल वाटला. सुरुगात अनायामा बाइसेत्सू, शिंगेनचा भाचा आणि जावई, आधी कोफूहून बायकामुलांना गुपचूप काढून घेऊन मग इएयासूकडे गेला. तिघे फुटलेले किंवा पळालेले, तिघेही घरचे.

एकटा ताकातोचा निशिना मोरिनोबू लढला, कात्सुयोरीचा सावत्र भाऊ. तिसऱ्या महिन्याच्या 2 तारखेला एका दिवसात किल्ला पडला आणि तो मारला गेला.

दुसऱ्या दिवशी कात्सुयोरीनं जेमतेम दोनेक महिने वापरलेला शिंपू स्वतःच्या हातानं जाळला आणि निघाला. सानादा मासायुकीनं कोझुकेतल्या इवाबित्सूला यायचा आग्रह केला होता, पण ओयामादा नोबुशिगेचा इवादोनो जवळचा म्हणून तिकडे गेले, असं परंपरेनं सांगतात. सोबतच्या बायका बहुतेक पायी होत्या, डोंगरवाटांची सवय नसलेल्या. तळपायांतून रक्त येत होतं, असं नोबुनागाच्या चरित्रकारानं लिहून ठेवलंय. माणसं वाटेत गळत गेली. सासागो खिंडीजवळ ओयामादानं वाट अडवली. मागे फिरून तानो नावाच्या खेड्यात पोचले तेव्हा चाळीसेक लढवय्ये आणि पन्नासेक बायका उरल्या होत्या. 11 तारखेला तिथेच सगळं आटोपलं. कात्सुयोरी 37 वर्षांचा, नोबुकात्सू 16 चा, त्याची बायको, होजोंची मुलगी, 19 ची. तिला माहेरी जायला सांगितलं होतं, ती गेली नाही.

ओयामादा बक्षिसाच्या आशेनं नोबुतादाकडे गेला. त्याला गद्दार म्हणून बायकामुलांसह मारलं.

राहिलेला उपप्रश्न: कात्सुयोरी सानादाकडे गेला असता तर? सहाव्या महिन्याच्या 2 तारखेला, म्हणजे तीन महिन्यांच्या आत, नोबुनागा क्योतोच्या होन्नोजी देवळात आपल्याच सरदाराच्या हातून मेला. काईवर बसवलेल्या ओदांच्या कावाजिरी हिदेताकाला स्थानिक लोकांनी उठाव करून मारलं. तेव्हा कात्सुयोरी जिवंत असता तर काही माणसं नक्की त्याच्या झेंड्याखाली आली असती, पण जुना पसारा परत मिळाला असता असं मला वाटत नाही. होजो आणि इएयासू दोघेही काईत उतरले होते आणि त्या लोकांना शब्द देण्याची ताकद आता त्या दोघांकडे होती. इएयासूनं ती वापरली. ताकेदांच्या आठशेहून अधिक माणसांकडून त्यानं निष्ठेची शपथपत्रं घेतली आणि त्यांच्या जमिनी त्यांना कायम करून दिल्या. ओबू तोरामासापासून यामागाताकडे आलेलं लाल चिलखतांचं पथक आपला सरदार ई नाओमासा याच्याकडे दिलं. खाणींचा कारभार पुढे ताकेदांकडेच वाढलेल्या ओकुबो नागायासूनं पाहिला. तानोला कात्सुयोरीसाठी केइतोकुइन देऊळही इएयासूनंच बांधलं. आणि ज्या सानादाचा आग्रह मानला गेला नाही, तो ओदा, होजो, तोकुगावा, उएसुगी असे धनी बदलत उएदाला किल्ला बांधून बसला, 1585 आणि 1600 मध्ये तोकुगावांच्या फौजा त्यानं परतवल्या, आणि त्याच्या थोरल्या मुलाचे वंशज मात्सुशिरोला 1871 पर्यंत राज्य करत होते.